खारे मासे आणि चढलेला पारा: तेरणेकाठच्या भोईवाड्यातले माझे दिवस

मागच्या महिन्यात एका तरुणाचा ब्लॉग वाचत होते. मोटारसायकलवरून तो माकणीचं धरण बघायला गेला होता, लोहारा तालुक्यात. फोटो सुरेख होते. तळलेल्या माशाच्या फोटोखाली त्यानं लिहिलं होतं, की इथले मासे धरणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या रोज ताजा मासा खाऊन सुखी आहेत, म्हणून तर अंगानं असे भरलेले. मी चष्मा काढून टेबलावर ठेवला. नव्वदीला आलेल्या बाईला इतका राग बरा नव्हे, असं सून म्हणाली. रागाचं दुसरं काही करता येत नाही, तेव्हा त्याच गावाला मी केलेला प्रवास इथं लिहायचं ठरवलं. धरण होण्याच्या कितीतरी आधीचा, निजामाच्या राज्यातला.

दुसरी मोठी लढाई संपली होती, रेशन संपलं नव्हतं. मी सोलापुरात एका दवाखान्यात नर्सचं काम शिकत होते. आम्ही जातीनं भोई, नदीत मासे धरणारे. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, तरुणपणीच माकणी सोडून गिरणीत लागले. त्यांची थोरली बहीण भागाआत्या मात्र तेरणेच्या काठीच राहिली. माकणीच्या एका माणसानं निरोप आणला, की आत्याला घेरी येते, मधूनच नाकातून रक्त येतं, आणि अंग इतकं वाढलंय की हातातल्या बांगड्या फोडून काढाव्या लागल्या. नवरा जिवंत असताना बांगड्या फोडल्या म्हणून भोईवाड्यातल्या बाया रडल्या म्हणे. तालुक्याच्या डॉक्टरला दाखवलं तर तो म्हणाला, खाणं कमी करा, मेद झालाय.

हे शेवटचं वाक्य ऐकून मी तिथल्या तिथं ठरवलं की जायचं. आत्या कधी पोटभर जेवली असेल यावरच माझा विश्वास नव्हता. आमच्या वॉर्डातल्या थोरल्या डॉक्टरांनी रक्तदाब मोजायचं जुनं यंत्र लाकडी पेटीसकट दिलं, पाऱ्याची नळी जप म्हणाले, आणि रजाही मिळवून दिली. दादांनी गिरणीत खाडा केला.

आज तुम्ही निघालात तर सोलापूरहून एसटी मिळेल, पुढं लोहाऱ्याहून जीप, आणि जेवणाच्या वेळेला पोचाल. आम्ही तेव्हा कोळशाच्या धुरावर चालणाऱ्या मोटारीत बसलो. पेट्रोल लढाईत गेलेलं, मोटारीच्या पाठीला शेगडीसारखा बंब बांधलेला, आणि चढ आला की सगळ्यांनी उतरायचं. सरळ वाट नळदुर्गावरून होती, पण दादांनी बहिणीसाठी तुळजाभवानीची ओटी बोलली होती, म्हणून आम्ही वळसा घेतला. बरोबर बाजरीच्या भाकरी आणि शेंगाचटणी होती, ती पहिल्याच चढाला संपली.

तामलवाडीच्या जवळ सरहद्द. तिथं इंग्रजांचा मुलूख संपायचा आणि करोडगिरीचा नाका लागायचा, म्हणजे निजामाची जकात. कलदार, म्हणजे इंग्रजी पैसे देऊन निजामाचे हाली पैसे घ्यायचे, सामान उघडून दाखवायचं. आमची पेटी उघडल्यावर नाक्यावरच्या जवानानं पारा बघितला आणि तो सावध झाला. हे काय आहे, कुणी दिलं, कुठं नेता. मोटारीत नळदुर्गचे एक म्हातारे रंगारी चाचा होते, ते सावकाश खाली उतरले आणि जवानाला म्हणाले, "मियाँ, लहू का जोर देखने की चीज है. बच्ची दवाखाने की है. तू बी हात दे, देख ले." मी त्या जवानाच्या दंडाला पट्टा बांधला, फुगवला, सोडला. ठीक आहे म्हटल्यावर तो इतका खूश झाला की आमच्या बोचक्याकडं त्यानं पाहिलंही नाही. चाचांनी तामलवाडीत आम्हाला गुळाचा चहा पाजला. त्या प्रवासातली रागावाचूनची तेवढीच आठवण आहे, म्हणून ती सांगून टाकली.

तुळजापुरात ओटी भरली, धर्मशाळेत रात्र काढली. दुसऱ्या दिवशी नळदुर्गावरून लोहारा, आणि लोहाऱ्यापासून बैलगाडी. चैत्राचं ऊन होतं. दोन्ही बाजूंना ज्वारीची रानं, काढणी झालेली, नुसता सड उभा. गाडीवान कुणबी होता. इतकं पीक आलंय तर यंदा बरं आहे, असं दादा म्हणाले. गाडीवान म्हणाला, पीक आलं न्‌ गेलं बी, लेव्हीच्या गाड्या भरून गेल्या. लेव्ही म्हणजे सरकारात सक्तीनं घालायचं धान्य. ज्यांची शेतं होती त्यांच्या कणग्यांत थोडं तरी उरलं होतं. भोयांना शेत नव्हतं. त्यांनी ज्वारी विकत घ्यायची, आणि विकायला कुणाकडं नव्हती.

माकणीच्या खाली तेरणेला तेव्हा एक मोठा डोह होता. आता तो धरणाच्या पाण्यात कुठं आहे हे कुणी दाखवू शकत नाही. काठावर भोयांची वीस-पंचवीस घरं, बाभळीवर वाळत घातलेली जाळी, आणि वास. आम्ही गाडीतून उतरायच्या आधी तो वास आला. माशांचा असतो तो नव्हे. ओल्या मिठाचा, डोळ्यांना झोंबणारा.

आत्या दारात बसली होती. मला ती ओळखू आली नाही. लहानपणी पाहिलेली आत्या लांब हाडांची, चपळ बाई होती. समोर होती ती बसल्या जागी पसरलेली, पापण्या सुजलेल्या, बोलताना धाप लागणारी. तिनं मला जवळ घेतलं आणि म्हणाली, "माजी दृष्ट काढ ग. डाक्टर म्हंतोय म्या लई खाती."

मी तिच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. तिथं खड्डा पडला आणि तसाच राहिला. वॉर्डात हे रोज बघत होते. मेदाला असा खड्डा पडून राहत नाही. अंगात पाणी साठलं होतं, आणि पाण्याखाली आत्या होती तशीच हडकुळी होती. दंडाला पट्टा बांधला तर पारा इतका वर गेला की मला वाटलं यंत्रच बिघडलं. पुन्हा मोजला. मग आत्याचा नवरा, आमच्यात त्यांना मामाच म्हणतात, ज्ञानबामामा, त्यांचा मोजला. मामा काटकुळे, बरगड्या मोजून घ्याव्यात असे. त्यांचा पाराही आत्याच्या मागोमाग. संध्याकाळपर्यंत अर्धा वाडा पट्टा बांधून घ्यायला जमला. जाड बाया, वाळलेले म्हातारे, तिशीतले जाळं ओढणारे गडी. एकामागून एकाचा चढलेला. ज्यांचा चढलेला नव्हता अशी माणसं थोडी निघाली, आणि ती बहुतेक बाहेरून नुकत्या नांदायला आलेल्या सुना होत्या.

रात्री जेवायला बसलो तेव्हा कारण ताटात आलं. कण्यांची पातळ पेज आणि खारा मासा. सकाळी तेच. दुपारी पेजेऐवजी अंबाडीचा पाला, मासा तोच. त्या माशाचा एक घास खाऊन मी तांब्याभर पाणी प्यायले. मी विचारलं, डोह समोर आहे, ताजा मासा का करत नाही. सगळे माझ्याकडं असे बघायला लागले जसं काही मी वेडगळ बोलले.

डोहाचा ठेका कुणा बाहेरच्या माणसाकडं होता. त्याला वाड्यातल्या कुणीही कधी पाहिलं नव्हतं, पाहिला होता तो त्याचा मुकादम. जाळं भोयांचं, मेहनत भोयांची, मासा मुकादमाच्या वजनकाट्यावर जायचा. मोठी मरळ आणि वाम ओल्या गवतात गुंडाळून बाजाराला आणि साहेबलोकांच्या बंगल्यांना. उरलेला, उन्हात मऊ पडलेला मासा बायांनी मुकादमाच्या छपरात मीठ भरून वाळवायचा. त्यातलाही बरा विकायला जायचा. जो काळा पडला, ज्याच्यावर मिठाचा थर चढला, तो मजुरी म्हणून भोयांना. पैशाऐवजी. पूर्वी ज्वारीच्या भाकरीबरोबर त्याचा एवढासा तुकडा पुरायचा. लेव्हीत ज्वारी गेली आणि भाकरीची जागा माशानंच घेतली. पोट त्यानंच भरायचं. बाया दिवसभर मिठात हात घालून बसत आणि संध्याकाळी तेच मीठ खात. आणि ताजा मासा खाताना कुणी सापडलं तर मुकादम त्याला चोर म्हणायचा.

नंतरच्या आयुष्यात मी पुष्कळ गरिबी पाहिली. पण ज्याच्या हातातून रोज टोपल्याच्या टोपल्या मासे जातात त्याला तोच मासा कुजवून, खारवून, मजुरी म्हणून परत द्यायचा, आणि तो सुजला की त्याला खादाड म्हणायचं, हे मला अजून गिळता येत नाही.

दुसऱ्या दिवशी तालुक्याचा तो डॉक्टरच माकणीला आला. लोहाऱ्याला कुणा बड्या साहेबाचा दौरा होणार होता, त्याआधी आसपासच्या गावांत देवीची लस टोचायचा हुकूम होता. त्याचा मुक्काम मुकादमाच्या तंबूत. मी आणि दादा तिथं गेलो. दादांनी वाटेत मला दोनदा बजावलं, की जास्त बोलू नको, आपण दोन दिवसांचे पाहुणे, ह्यांना इथं राहायचंय. डॉक्टर जेवत होता. ताटात मरळीचा रस्सा होता. मी उभ्यानंच सांगितलं, की भागाबाईच्या अंगात मेद नाही, पाणी आहे, आणि ते मिठानं आहे, वाळक्या माणसांचाही दाब चढलाय. मला वाटलं होतं तो मला झिडकारेल, किंवा चुकलो म्हणेल. त्यानं हात धुतले, आणि अगदी शांतपणे बोलला.

"बाई, मला ठाऊक आहे. मीठ बंद करा म्हटलं तर ही माणसं विचारतात, मग खायचं काय. त्याचं उत्तर माझ्याकडं नाही. वजन कमी करा म्हटलं की पुढं कुणी काही विचारत नाही."

तो अडाणी असता तर मी त्याला विसरले असते.

मुकादम तिथंच बसला होता. मी त्याला म्हणाले, आत्याला मजुरीत खाऱ्याऐवजी ताजा मासा द्या, लहानसा द्या, तिचं औषध तेच आहे. मुकादम म्हणाला, एकीला दिला की वाड्याला द्यावा लागंल, आन्‌ मग ठेका कशाला घेतलाय. दादांनी माझं मनगट धरून मला बाहेर आणलं. रात्री मी आत्याला सगळं सांगितलं.

आत्यानं ते ऐकून घेतलं. सकाळी उठले तर ती अंथरुणात नव्हती. घरापासून डोहापर्यंतची वाट ती बसत, उठत, बाभळीला धरत चालली होती. मी पोचले तेव्हा पहिलं जाळं नुकतं काठावर आलं होतं. आत्यानं त्यातली एक मरळ उचलली, सगळ्यांच्या देखत. काठावरच खडकावर साफ केली, तीन दगड मांडले, मडक्यात पाणी आणि हळद घातली, आणि मासा शिजायला टाकला. मिठाचा कण घातला नाही. मुकादम काट्याजवळून येताना दिसला तेव्हा ती त्याच्याकडं न बघता म्हणाली, "तीस वरसं ह्या डोहाचा मासा म्या कापला, खारवला. ताजा खाल्ला न्हाय. आज खाणार हाय."

मुकादमानं मडक्याला लाथ मारली. मासा राखेत पडला. आत्याच्या पायावर गरम पाणी उडालं, पण ती राखेतल्या माशाकडं बघत राहिली.

ज्ञानबामामा कमरेइतक्या पाण्यात उतरले, दुसरं जाळं लावलेलं होतं ते सोडवलं, ओढत बाहेर आणलं आणि बाभळीवर वाळत टाकलं. मग त्यांच्या शेजारच्यानं आपलं काढलं. मग त्याच्या भावानं. बाया छपराकडं निघाल्या होत्या त्या वाटेतच बसल्या. थोड्या वेळानं डोहात एकही जाळं नव्हतं, आणि मुकादम मोकळ्या काट्याजवळ उभा होता.

दुपारी त्यानं पोलिसांचे दोन जवान आणले. मला भीती वाटली की आता कुणीतरी दगड उचलेल आणि सगळ्यांना नेतील. तेव्हा दादा पुढं आले. आदल्या दिवशी मला गप्प बसवणारे माझे दादा भोयांच्या मधे जाऊन जमिनीवर बसले आणि म्हणाले, "गिरणीत आमी असंच बसतो. हात उचलायचा न्हाय, शिवी द्यायची न्हाय, आन्‌ उठायचं न्हाय." जवानांनी दम दिला, एका म्हाताऱ्याला ढकललं, जाळी जप्त करतो म्हणाले. सगळे बसून राहिले. जप्त केलेली जाळी ओढणार कोण, हे जवानांनाही कळत होतं. मी आत्याच्या पायाला खोबरेल लावत बसले होते आणि मला दादांचा आवाज ऐकू येत होता. इतकी वर्षं एका घरात राहून मी तो ऐकला नव्हता.

ते दिवस सोपे गेले नाहीत. घरात खारा मासाही संपत आला. पाल्यावर आणि कण्यांवर माणसं राहिली, मुलं रडली, एक-दोन घरांत जाळं टाकायचं का यावरून भांडणंही झाली. पण साहेबाचा दौरा जवळ येत होता आणि बंगल्यावर तेरणेची मरळ जायलाच हवी होती. डॉक्टरच्या लसी संपल्या, तो निघून गेला. शेवटी मुकादम स्वतः वाड्यात आला, बसला नाही, उभ्यानंच बोलला. पहिल्या ओढीतून, म्हणजे सकाळच्या पहिल्या जाळ्यातून, प्रत्येक घरानं काट्याच्या आधी आपल्यापुरता मासा घ्यायचा. कुणी चोर म्हणणार नाही. मजुरीत ज्वारी मागितली, ती त्यानं दिली नाही. माझ्याकडं नाही म्हणाला, आणि ते खरंही असावं.

त्या संध्याकाळी आत्याच्या घरात ताजी मरळ शिजली. अळणी होती. चव काही खास लागली नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते. आत्या मात्र काटे चोखून चोखून जेवली आणि म्हणाली, गोड हाय.

आम्ही परत निघालो तेव्हा तिचा पारा जवळपास तिथंच होता. असले आजार आठवड्यात उतरत नसतात. मी सगळ्या बायांना पुन्हा पुन्हा सांगितलं, की मासा पाण्यात भिजवून दोनदा धुवा, पेजेत मीठ टाकू नका, घेरी आली की पडून राहा. परतीला आम्ही तुळजापूरचा वळसा घेतला नाही, लोहाऱ्याहून नळदुर्ग आणि थेट सोलापूर. मोटारीत दादा झोपले. मी पेटी मांडीवर घेऊन बसले होते आणि मला त्या डॉक्टरचा शांत आवाज परत परत ऐकू येत होता.

दिवाळीच्या आधी ज्ञानबामामा सोलापूरला आले. म्हणाले, सूज ओसरली, हाडं दिसायला लागली, कासारणीला बोलावून नव्या बांगड्या भरल्या. आत्या पुढं निजामाचं राज्य जाईपर्यंत जगली, ते गेलेलं तिनं पाहिलं. मग ठेका दुसऱ्याला गेला, नव्या राज्यातल्या माणसाला, आणि पहिल्या ओढीचा हक्क त्यानं मोडीत काढला. लोक पुन्हा बसले की नाही, किती दिवस बसले, हे मला नीट कळलं नाही. माझं तोवर लग्न झालं होतं. आत्याला अर्धांगवायू झाला आणि ती थोड्या दिवसांत गेली. तेव्हा तिच्या घरी पुन्हा खारे मासेच शिजत होते, हे मामांनी सांगितलं. मला रडू आलं नाही. मी भांडी घासत होते, ती इतक्या जोरात घासली की सासूबाई बाहेर येऊन उभ्या राहिल्या.

प्रवासानंतर वॉर्डात रुजू झाले त्याच आठवड्यात विडी वळणारी एक बाई आली होती. अंगानं जाड, डोकं दुखतंय, धाप लागते. नवे डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा, खाण्यावर ताबा ठेवा, आणि पुढच्या खाटेकडं वळले. मी तिथंच उभी राहून त्या बाईला विचारलं, "घरी काय शिजतं?" डॉक्टर थांबले. मोठ्या सिस्टरनं मला बाहेर नेऊन झापलं, की हे विचारायचं तुझं काम नाही. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा विचारलं, दुसऱ्या बाईला. मग नोकरी संपेपर्यंत प्रत्येकीला विचारत राहिले. आधी बाया लाजायच्या, काहीतरी चांगलंचुंगलं सांगायच्या. मी खाटेवर बसायचे आणि थांबायचे. मग हळूहळू खरं सांगायच्या.